घाटाखालचा वाचक : भय, अद्भुत आणि इतिहास

भयकादंबरी, काळोखी अद्भुतकथा आणि ऐतिहासिक कादंबरी हे तीन प्रकार वाचनालयाच्या कपाटांत वेगवेगळे लागतात. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ते मागणारा वाचक बहुधा एकच असतो. या आठवड्यात नारायण धारप नेणारा पुढच्या आठवड्यात ‘राऊ’ मागतो आणि नंतर कधीतरी ‘रमलखुणा’ हातात घेऊन पाने चाळत उभा राहतो. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ग्रंथपालाला या निवडीतले सूत्र हळूहळू कळत जाते. तिन्ही प्रकारांत लेखकाला जे समोर नाही तेच उभे करायचे असते: मेलेला माणूस, कधीच नसलेले राज्य किंवा सरून गेलेला काळ. वाचकाने त्यावर विश्वास ठेवावा, यासाठी लेखकाच्या हाती तपशिलाखेरीज दुसरे साधन नाही. हा तपशील खरा आहे की उसना, हे ओळखण्यात इथला वाचक विलक्षण तरबेज आहे, कारण या कादंबऱ्यांतली रात्र, रान, खिंड आणि गड त्याच्या रोजच्या वाटेवर आहेत.

हा मुलूख घाटाच्या पायथ्याचा. वर राजमाची, ढाक, भीमाशंकरचा कडा. खाली उल्हास आणि पाताळगंगा यांची खोरी. कर्जत स्थानकात गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात आणि मग गाडी बोरघाट चढते. मुंबईला नोकरीसाठी जाणारा माणूस पहाटेची लोकल धरतो. सुमारे शंभर किलोमीटरचा तो प्रवास हीच त्याची वाचनाची वेळ. खोपोलीकडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे रात्रपाळीच्या विसाव्यात वाचतात. वाड्यावस्त्यांवरची शिकलेली मुले पुस्तक घरी नेतात तेव्हा ते एकटी वाचत नाहीत. म्हाताऱ्यांना गोष्ट सांगितली जाते, आणि म्हातारे त्यात दुरुस्त्या सुचवतात. पुस्तक परत करताना मत एखाद्या वाक्यात येते. ‘शेवट गुंडाळलाय.’ ‘याने पाऊस बघितलेला नाही.’ ‘पहिली पन्नास पानं सोडा, मग सुटत नाही.’ ही वाक्ये कुठे छापली जात नाहीत, तरी पुढचे पुस्तक कोणी न्यायचे हे त्यांच्यावरच ठरते.

भयकादंबरीत नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव अजून सर्वांत वर आहे. त्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा बांधणीला जातात. कोपरे दुमडलेले, पाठीचा कणा मोडलेला. अलीकडे त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे ज्या वाचकांच्या आईवडिलांनी जुन्या प्रती वाचल्या होत्या तेही आता रांगेत आहेत. धारपांचे कसब सुरुवातीच्या पानांत दिसते. माणसे नवे घर घेतात, वारशाने आलेला वाडा उघडतात, बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडतात. सामान लावले जाते, चहा होतो, शेजाऱ्याची ओळख होते. या साध्यासुध्या हिशेबी गद्यात कुठेतरी एक वास येतो, एक खोली गरजेपेक्षा गार लागते. वाचक तोवर त्या घरात राहायला आलेला असतो, त्यामुळे पळून जाण्याची सोय उरत नाही. खोपोलीतल्या चाळीत किंवा कर्जतच्या जुन्या कौलारू घरात ही कादंबरी वाचणाऱ्याला जिना, माळा, मागचे दार यांची कल्पना करावी लागत नाही.

धारपांच्या ‘समर्थ’ या पात्रावर मात्र वाचकांत सरळ दोन तट पडतात. दुष्ट शक्तीशी सामना करण्यासाठी ज्ञान आणि साधना घेऊन येणारे समर्थ वयस्क वाचकांना हवे असतात. जग विस्कटले तरी कोणीतरी ते पुन्हा लावून देतो, हा दिलासा ते घेतात. तरुण वाचकांची तक्रार अशी, की समर्थ आले की भीती संपते. आता काय होणार हे ठाऊक झाले. भयकथेपुरते बोलायचे तर तरुणांचे म्हणणे जास्त खरे आहे. ज्या कथा-कादंबऱ्यांत धारपांनी सामान्य माणसाला एकटे सोडले, त्या जास्त काळ मनात राहतात. पण समर्थांच्या कथा आवडीने वाचणाऱ्यांना भाबडे समजणे चूक ठरेल. घरातले आजारपण, कर्ज, मुलाची नोकरी अशा गोष्टींत ज्यांना कोणी समर्थ भेटत नाही, त्यांनी तो पुस्तकात शोधावा यात काही गैर नाही.

दुसरा वाद ऋणाचा. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ त्याच्या ‘इट’वर बेतलेली आहे. मोबाइलवर मूळ इंग्रजी वाचणारी महाविद्यालयीन मुले हे शोधून काढतात आणि फसवणूक झाल्यासारखी येऊन सांगतात. त्यांना दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचायला सांगितले, तर वाद अधिक नेमका होतो. अमेरिकेतल्या एका लहान शहराचे रक्त पिणारे संकट मराठी गावात आणताना धारपांनी माणसांची नाती, देवघर, गावकीची रीत, भीतीचे बोलणे सारे नव्याने घडवले आहे. ज्याने इंग्रजी कधी वाचले नसते अशा हजारो वाचकांपर्यंत ते भय मराठी होऊन पोचले. तरीही मूळ कादंबरीचे नाव ठळकपणे छापले जावे, ही मुलांची अपेक्षा रास्तच आहे. मान्य केलेल्या ऋणाने धारपांचा मोठेपणा कमी होणारा नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचा वाचक थोडा निराळा. मतकरींनी बँकेत नोकरी केली, नाटके लिहिली, मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ उभे केले आणि त्याच हाताने मराठी गूढकथेला प्रतिष्ठा दिली. त्यांच्या कथेत भूत असो वा नसो, माणसाच्या मनातली फट असतेच. ‘खेकडा’, ‘कबंध’, ‘गहिरे पाणी’ हे संग्रह लोकलच्या प्रवाशांचे. कल्याणला उघडलेली कथा नेरळच्या आत संपते आणि कर्जतपर्यंतचा उरलेला वेळ ती मनात मुरण्यात जातो. कादंबरी मागणारे मतकरींना ‘लहान’ म्हणून बाजूला ठेवतात, हे त्यांचेच नुकसान.

नव्या पिढीत हृषीकेश गुप्ते यांच्याकडे रायगडचे वाचक आपला माणूस म्हणून पाहतात आणि ते साहजिक आहे. ‘अंधारवारी’, ‘घनगर्द’, ‘हाकामारी’ या पुस्तकांत आणि ‘दंशकाल’ या कादंबरीत जी घरे, जी माणसे, जी बोलण्याची ढब येते ती याच जिल्ह्याच्या ओलीतली आहे. हाकामारी रात्री दारापाशी येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारते. पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. ही समज इथल्या अनेक घरांत लहानपणी कानावर पडलेली असते. म्हणून गुप्त्यांचे पुस्तक वाचताना घाबरणे हे निम्मे आठवणेच असते. ‘दंशकाल’बद्दल मात्र वाचक सावधपणे बोलतात. तिच्यातले भय बाहेरून येत नाही, ते कुटुंबाच्या आतच वाढते, आणि काही वाचकांना ते सहन होत नाही. मराठी भयलेखनाने गेल्या काही दशकांत टाकलेले हे सर्वांत मोठे पाऊल आहे असे म्हणायला हरकत नाही. भूत काढून टाकल्यावरही पुस्तक टिकावे, ही भयकादंबरीची खरी कसोटी. ‘दंशकाल’ तिला उतरते.

इथे भयकथा वाचण्याला आणखी एक बाजू आहे आणि ती गंभीर आहे. ठाकर आणि कातकरी वस्त्यांत, तशीच शहाण्यासुरत्या म्हणवणाऱ्या घरांतही, चकवा, मुंजा, आसरा, वाघोबा ही नावे केवळ गोष्टीतली नसतात. पाणवठ्यावरच्या आसरांना नारळ दिला जातो, वाघोबाला मान असतो. या श्रद्धांत रानाशी केलेला एक जुना करार आहे आणि त्याकडे तुच्छतेने पाहण्याचा हक्क कादंबरीकाराला नाही. याच्या शेजारीच मात्र दुसरी गोष्ट उभी असते: एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवणे, आजाऱ्याला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो याच वास्तवासाठी. त्याच वर्षी २० ऑगस्टला, त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती. हे माहीत असलेल्या ग्रंथपालाला ‘चेटकीण’ नावाचे पुस्तक देताना आणि परत घेताना वाचकाशी बोलावेसे वाटते. भयकादंबरीने अंधश्रद्धा वाढते का, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. टेबलावरचा अनुभव उलटे सांगतो. भरपूर भयकथा वाचणारा मुलगा त्यातल्या युक्त्या ओळखू लागतो. भीती कशी रचली जाते हे त्याला कळते. ज्याने एकही पुस्तक वाचले नाही आणि फक्त कुजबुज ऐकली, तो जास्त घाबरतो आणि जास्त घाबरवतो. लेखकाची जबाबदारी यातून सुटत नाही. जिच्यावर आळ घेतला जातो अशा बाईला खलनायिका करणारी कादंबरी आजही सहज लिहिली जाते. तिच्या बाजूने भय सांगणारी कादंबरी शोधावी लागते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. खालापूर तालुक्यातली ही ठाकर वस्ती. झोपेत असलेली माणसे गेली, पाऊस आणि उंचीमुळे बचावाला पोचणेही कठीण झाले. अशा मुलुखात डोंगर कोसळण्याचा प्रसंग रंगवणाऱ्या लेखकाला हलक्या हाताने लिहिता येत नाही. भयकादंबरी वाचकाला ज्या टोकापर्यंत नेते, तिथे काही वाचक आधीच जाऊन आलेले असतात, आणि त्यांना तिथे नेताना लेखकाने आपण काय करतो आहोत हे जाणले पाहिजे.

इंग्रजी वाचणारी मुले ज्याला डार्क फँटसी म्हणतात, ती काळोखी अद्भुतकथा मराठीत संख्येने कमी आहे. ती परकी मात्र नाही. मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुताने भारलेला होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली तीही याच सुमारास. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने दोन-तीन पिढ्यांना रात्र रात्र जागवले. वास्तववादाची प्रतिष्ठा वाढली तशी ही धारा बालसाहित्याकडे ढकलली गेली आणि मोठ्यांनी अद्भुत वाचणे हलके मानले जाऊ लागले. या समजुतीने मराठीचे मोठे नुकसान केले.

तरीही शिखर गाठले गेलेच. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा अनाम प्रदेशांत, अनाम काळांत घडतात. भाकिते, तुरुंग, वाळवंटे, क्रूर विधी आणि त्यातून चालत राहणारा माणूस. जगातल्या कोणत्याही भाषेतल्या काळोख्या अद्भुतकथेशेजारी त्या ठेवता येतील. इथले तरुण वाचक त्यांच्याकडे फार उशिरा वळतात, कारण जी. ए. म्हणजे अभ्यासक्रमातले अवघड लेखक अशी धास्ती असते. ज्याने परदेशी मालिकांतली राज्ये, शाप आणि वंशवैरे पाहिली आहेत, त्याच्या हातात ‘इस्किलार’ ठेवले की काही दिवसांनी तो बदललेला चेहरा घेऊन येतो. सगळेच येत नाहीत. काहींना ते जड जाते आणि ते तसे सांगतात, तेही प्रामाणिक मत आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्यामुळे वाचनालयात वेगळीच मागणी सुरू झाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी शीर्षक घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीवरून. कथेच्या मुळाशी धारपांच्या एका कथेची आठवण आहे. चित्रपट पाहून आलेली मुले ‘तुंबाडचे खोत’ मागतात, त्यात चित्रपटातला राक्षस हस्तर शोधतात आणि त्यांना खेड तालुक्यातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्या भेटतात. काही जण दोन दिवसांत पुस्तक परत करतात. काही अडकतात, आणि त्यांना उमगते की जमीन, मान आणि हाव यांचा अंधार दाखवायला गर्भगृहातला राक्षस लागत नाही. चित्रपटाबद्दलचे त्यांचे मतही ऐकण्यासारखे असते. हस्तरला सोने मिळाले पण धान्य नाही, म्हणून पिठाची बाहुली लागते. हा नियम एकदा ठरला की शेवटपर्यंत पाळला जातो. अद्भुताला नियम लागतो, हे या मुलांनी कोणत्याही समीक्षेशिवाय हेरले आहे. मनाला येईल तेव्हा जादू करणारी नवी मराठी पुस्तके त्यांना याच कारणाने फसलेली वाटतात.

अनुवादांनी थोडी भूक भागवली. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचून मोठी झालेली पिढी आता कामाला लागली आहे. टोल्किनही मराठीत आला आहे. पण जंगल, डोंगर आणि देव हे सारे अंगणात असताना परक्या अरण्यातच हिंडावे लागते, ही खंत वाचक बोलून दाखवतात. ती खोटी नाही. ढाकच्या बहिरीची गुहा उभ्या कड्यात आहे. तिथे देवाची म्हणून भांडी ठेवलेली असतात, ती वापरून धुऊन परत ठेवायची असतात, नेणाऱ्याचे बरे होत नाही अशी समजूत आहे. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा सांगते, की घाटातून मार्ग कसा न्यावा हे इंग्रजांना सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली. बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली गेली. घाट चढणारे चालक आजही तिथे नाणे टाकतात. या कथेत देव, भूत आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. असल्या बीजातून उगवलेली जाडजूड, गंभीर अद्भुत कादंबरी आली, तर तिला पहिले वाचक खोपोलीत मिळतील.

ऐतिहासिक कादंबरी हा या तीन प्रकारांतला सर्वांत मानाचा आणि सर्वांत वादाचा. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) तिचा मराठी प्रवास मोजला जातो. हरि नारायण आपट्यांनी ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ लिहून तिला घडवले. मग रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘श्रीमान योगी’, ना. सं. इनामदारांची ‘झेप’, ‘झुंज’, ‘राऊ’, शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९), विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८). ही पुस्तके प्रत्येक वाचनालयात असतात आणि बहुतेक वेळा ‘बाहेर’ असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’वर बेतलेला हिंदी चित्रपट आला तेव्हा एका प्रतीसाठी नंबर लागले. पुस्तक हाती न धरणारी माणसेही वर्गणी भरायला आली, ही आनंदाची गोष्ट.

कर्जत-खालापूरच्या वाचकाकडे या कादंबऱ्या तपासण्याचे स्वतःचे माप आहे आणि त्याचे नाव उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला. खालापूर तालुक्यात चावणीजवळच्या अरुंद, दाट झाडीच्या खिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. पुढची आणि मागची वाट बंद झाली. पाण्यावाचून, हालचालीवाचून फौज कोंडली गेली. सोबत असलेल्या रायबागन या स्त्री सरदाराच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामान टाकून त्याला जाऊ दिले गेले. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या लढाईचे सविस्तर वर्णन आहे. आज तिथे स्मारक आहे, आणि शाळांच्या सहली जातात. ज्याने ती जागा पाहिली, तो कादंबरीतल्या लढाया वेगळ्या वाचतो. घोडदळ चौफेर उधळले, असे खिंडीच्या वर्णनात आले की पुस्तक खाली ठेवले जाते. कोंडीतली तहान, उतारावर घसरणारे पाय, झाडीत न दिसणारा शत्रू हे ज्याला लिहिता येते, त्याचे संवाद थोडे नाटकी असले तरी चालतात.

या मापाला गो. नी. दांडेकर सर्वांत चांगले उतरतात. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘झुंजार माची’ या शिवकालीन कादंबऱ्यांमागे गड पायांनी तुडवलेला माणूस आहे. त्यांची ‘माचीवरला बुधा’ ऐतिहासिक नव्हे, पण कर्जतच्या वाचकाला ती सर्वांत जवळची, कारण तिची माची म्हणजे समोर दिसणारी राजमाची. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या बुधाच्या एकटेपणात झाडे, पाखरे, ऋतू असे उतरले आहेत, की कोंडाण्याच्या लेण्यांवरून वर जाणारी वाट चालताना पुस्तक आठवत राहते. ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी ती वाचावी. भूमी कशी लिहायची हे तिथे कळते.

वाद होतो तो खरेखोटेपणावर. कादंबरीतला प्रसंग हाच इतिहास मानून भांडणारे वाचक भरपूर आहेत. टेबलावरून त्यांना उत्तर देण्याचा एक उपाय म्हणजे दोन पुस्तके बरोबर देणे. ‘छावा’ नेणाऱ्याला वा. सी. बेंद्र्यांचे संभाजी-चरित्र दाखवायचे. दुर्गुणी, उच्छृंखल संभाजी नाटकांतून रूढ झाला होता. बेंद्र्यांनी १९६० साली कागदपत्रांच्या आधाराने ते चित्र बदलले, आणि त्यानंतरच ‘छावा’सारखी कादंबरी शक्य झाली. ‘पानिपत’ नेणाऱ्याला त्र्यं. शं. शेजवलकर. ‘श्रीमान योगी’ नेणाऱ्याला वेगळे काही द्यावे लागत नाही, कारण नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना पुस्तकातच आहे. ती वगळून पुढे जाऊ नका एवढे सांगितले की पुरे. शिवाजी महाराजांकडे चिकित्सकपणे पाहणे आणि त्यांच्यावर प्रेम करणे एकाच लेखणीला जमते, हे त्या प्रस्तावनेइतके क्वचितच कुठे दिसते. दोन पुस्तके नेणाऱ्यांतले निम्मे दुसरे न उघडताच परत करतात. उरलेले पुन्हा येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बदललेले असतात, आणि तेवढ्यासाठी हा उपाय सोडू नये.

इतिहास पडद्यावर कसा बनतो, हे या तालुक्यांनी जवळून पाहिले आहे. खालापुरात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचे चित्रीकरण झाले. आसपासच्या गावांतल्या अनेकांना तिथे काम मिळाले: सुतारकाम, रंगकाम, गर्दीत उभे राहणे. प्लास्टरचा बुरूज हाताने रंगवलेला माणूस कादंबरीतला बुरूजही डोळसपणे वाचतो. भव्यतेला तो सहजासहजी भुलत नाही. तो विचारतो, की हे सगळे उचलणारी माणसे कुठे आहेत. देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या सेटवर राबलेल्या घरांत खरा शोक झाला.

तो प्रश्न, राबणारी माणसे कुठे आहेत हा, मराठी ऐतिहासिक कादंबरीला सर्वांत अवघड जातो. राजे, पेशवे, सरदार, त्यांच्या राण्या यांच्यावरच ती बहुतेक वेळ खिळलेली आहे. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) आणि ‘बखर अंतकाळाची’ या पुस्तकांनी अठराव्या शतकाचा पट एका सामान्य, धूर्त, जगू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून सांगितला. या टेबलावरून गेलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत त्यांच्या तोडीचे काही सांगणे कठीण आहे. तरी त्यांना वाचक मिळवून द्यावे लागतात. आपणहून मागणारे थोडेच. पहिल्या काही पानांतली भाषा ओळखीची झाली की मात्र पुस्तक आपल्या बळावर फिरते.

आणि या मुलुखात तर न लिहिलेले फार आहे. कोंडाणे लेण्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले अशा अर्थाचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. दगडावर नाव ठेवून गेलेल्या या बलकाची कादंबरी कोणी लिहावी अशी इच्छा लेणी पाहून आलेले शिक्षक व्यक्त करतात. कोथळीगड १६८४ मध्ये मोगलांच्या हाती गेला. सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या त्याच्या पायऱ्या चढणारी मुले त्या वेळच्या शिबंदीबद्दल विचारतात. इंग्रजी फौज बोरघाटाने वर चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिने तह पत्करला. बोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. कड्यावर दोर बांधून सुरुंग लावणारे हजारो मजूर पटकीने, तापाने, अपघातांनी मेले. त्यांची नावे कुठेही नाहीत. खैराचा कात काढणारा कातकरी, जंगल कायद्यांनी रानातून बाहेर पडून कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर गेलेला, इतिहासाच्या कादंबरीत आला तर वाटाड्या म्हणून येतो आणि पान उलटण्याआधी निघून जातो. रेल्वेमजुरांची कादंबरी खऱ्या अर्थाने ऐतिहासिक होईल आणि तिच्यात भय वेगळे घालावे लागणार नाही.

माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात गोळीबारात पडले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याची हकीकत नेरळ-कर्जतच्या घराघरांत सांगितली जाते. फितुरी, उपासमार, थंडीतले रान आणि पहाटेचा हल्ला असे सगळे या हकीकतीत आहे. तिच्यावर चित्रपट झाला, चरित्रे झाली. वाचक मोठी कादंबरी मागतात, ‘पानिपत’एवढी, दोन-तीन पावसाळे पुरेल अशी, आणि ती लिहिणाऱ्याने सिद्धगडावर जानेवारीतली एक रात्र काढलेली असावी, अशी त्यांची अट आहे.